रात्री तीनला जाग येते अन् सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नको

पत्र असं आहे:

मॅडम, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय ४६, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवाळीपासून झोप म्हणून लागून नाही राहिली. म्हणजे दहाला पडते तेव्हा लागते पण अडीच-तीनला खाडकन जाग येते, छातीत धडधड, मानेपासून वर सगळं गरम गरम, गाऊन ओला, अन् मग पाचपर्यंत छताकडे बघत पडून राहते. पाळी कधी दोन-दोन महिने येतच नाही अन् आली की आठ-नऊ दिवस, दोन तासांत पॅड बदलावं लागतं. कूलर माझ्याकडे वळवला की मिस्टरांना थंडी वाजते, रोज त्याच्यावरून वाद. मुलगी बारावीला आहे, परवा तिच्यावर इतकी ओरडले की नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. कॅश मोजताना चुका होऊन राहिल्या. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं. घराजवळच्या डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेची गोळी दिली, तीन महिने झाले, आता मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो अन् अर्धीची एक झाली. बहीण म्हणते हार्मोनची गोळी सुरू कर, मैत्रीण म्हणते त्याने कॅन्सर होतो. मॅडम, मला वेड तर नाही ना लागून राहिलं?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त खातोय असं पत्रावरून दिसतं. नाही, वेड नाही लागलं. चाळिशी ओलांडलेली बाई, पाळी मागेपुढे, रात्री अडीच-तीनची जाग, घाम, धडधड, चिडचिड, हे एकत्र ऐकलं की कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते पेरिमेनोपॉज. म्हणजे पाळी कायमची जायच्या आधीची काही वर्षं, कोणाची दोन, कोणाची सात-आठ. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग मेनोपॉज झाला म्हणायचं, तोवर हा मधला काळ. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, अमेरिका-युरोपात ५१ च्या आसपास, त्यामुळे तिकडची माहिती मोबाईलवर वाचून 'मला तर अजून पाच वर्षं आहेत' असं समजून बसलेल्या कितीतरी बायका माझ्या ओपीडीत येतात, अन् तोवर वर्ष-दीड वर्ष त्यांनी असंच अंगावर काढलेलं असतं.

तर अडीच वाजता शरीरात काय होतं ते नीट सांगते, कारण ते कळलं की भीती बरीच कमी होते. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे, अंगाचं तापमान तो सांभाळतो. एरवी तापमान थोडं वरखाली झालं तरी तो लक्ष देत नाही. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन वरखाली व्हायला लागलं, कमी पडायला लागलं की याची सहनशक्ती अगदी अरुंद होते, मग अंग अर्ध्या डिग्रीपेक्षाही कमी तापलं तरी याला वाटतं फार गरम झालं, उष्णता बाहेर टाका. लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून चेहरा, मान, छाती भाजल्यासारखी होते, हृदयाचे ठोके वाढतात म्हणून धडधड, अन् घाम सुटतो. हे सगळं एक ते पाच मिनिटांचं काम. मग घाम सुकला की उलटी थंडी वाजते अन् जे पांघरूण फेकलं होतं तेच तुम्ही चाचपडत शोधता, हो ना? बऱ्याच जणी सांगतात की जाग आधी येते अन् गरम नंतर होतं, तेही खरं आहे, मेंदू आधी जागा होतो.

आता घाम पाच मिनिटांत गेला तर पाचपर्यंत झोप का नाही लागत? इथे दुसरं हार्मोन येतं, प्रोजेस्टेरॉन. शरीरात त्याच्यापासून एक पदार्थ तयार होतो, अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन, तो मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेवर काम करतो, म्हणजे झोप आणणारी शरीराची स्वतःची सोय म्हणा. पेरिमेनोपॉजमध्ये बऱ्याच महिन्यांत बीज सुटतच नाही, बीज नाही सुटलं की त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन नीट तयार होत नाही, मग ही सोय जाते. वरून रात्रीचा दुसरा भाग तसाही हलक्या झोपेचा असतो आणि पहाटेकडे कॉर्टिसोल नावाचं हार्मोन चढायला लागतं, उठायची तयारी म्हणून. अशा वेळी तुम्ही जाग्या झालात तर मेंदू सरळ कामाला लागतो, मुलीची परीक्षा, परवाची कॅश, गॅस सिलिंडर, सगळं तीन वाजता आठवतं. बारीकसारीक गोष्टी त्या वेळी डोंगराएवढ्या वाटतात अन् सकाळी चहा घेताना परत लहान होतात. हा तुमचा स्वभाव नाही, कमजोरी तर अजिबातच नाही. अन् कॅश मोजताना होणाऱ्या चुका, शब्द न आठवणं, हेही याच काळात फार बायकांना होतं, झोप सुधारली की त्यातलं बरंच सुधारतं, ती विसरभोळेपणाच्या आजाराची सुरुवात समजू नका.

हार्मोन आणि झोप यांचं नातं काही फक्त या वयाचं नाही बरं का. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत झोप तुटते ते यामुळेच, गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत दिवसाढवळ्या पेंग येते तीही यामुळेच. तुमची मुलगी महिन्यातून काही दिवस अभ्यासाच्या टेबलावरच डोकं टेकवत असेल तर तिच्यावर आळशीपणाचा शिक्का मारू नका, तिचीही झोप तेव्हा बिघडलेली असू शकते.

आता कूलरवर येते. तुम्हाला वाटेल डॉक्टर कूलरबद्दल काय सांगणार, पण नागपुरात राहून झोपेबद्दल बोलायचं अन् कूलर सोडायचा हे शक्य नाही. मे महिन्यात दिवसा ४५-४६ डिग्री होतं, रात्री अकरालाही भिंती गरम असतात, तेव्हा कूलर मस्त काम करतो कारण हवा कोरडी असते, खस भिजली की गारवा येतो. पण जूनच्या शेवटी पाऊस आला की तोच कूलर खोलीत नुसती ओल भरतो, हवेत आधीच दमटपणा, घाम अंगावर तसाच राहतो, वाळतच नाही, अन् घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्या दिवसांत पंप बंद करून नुसता कूलरचा पंखा चालवा, समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा म्हणजे हवा निघून जाईल. पलंगावर तुम्ही कूलरच्या बाजूला, मिस्टर भिंतीच्या बाजूला, अन् दोघांचं पांघरूण वेगळं, ही सगळ्यात मोठी गोष्ट. एका चादरीत दोन माणसं असली की एकाने फेकली की दुसरा उघडा पडतो, भांडण तिथेच सुरू होतं. तुमच्यासाठी जुन्या मऊ सुती साडीची घडी, त्यांच्यासाठी सोलापुरी चादर. गाऊन सुतीच, सॅटिन-नायलॉनचे उचलून ठेवा. उशाशी एक कोरडा गाऊन आणि पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे ओलं झालं तर कपाट उघडायला दिवा लावावा लागणार नाही.

पण हे सगळं केलं तरी गरम व्हायचे झटके बंद नाही होणार हे स्पष्ट सांगते. बाहेरच्या थंडाव्याने त्रास कमी वाटतो, मूळ कारण आत आहे. हेच योगा आणि फिरण्याचं. रोज सकाळी अंबाझरीला नाहीतर कॉलनीच्या बगिच्यात चाळीस मिनिटं चाला, मन हलकं होतं, हाडं मजबूत राहतात, झोपही थोडी सुधारते, मी प्रत्येक पेशंटला चालायला लावते. पण हॉट फ्लश, म्हणजे हेच गरम व्हायचे झटके, त्याने थांबतात असं पुराव्याने दिसलेलं नाही, अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये जो सल्ला काढला त्यात व्यायाम, योगा, सोयाबीन, गार पाण्याचे उपाय हे फ्लशसाठी म्हणून सुचवलेले नाहीत. हे मुद्दाम सांगते कारण बायका सहा-सहा महिने प्राणायाम करतात, फ्लश थांबत नाहीत, मग त्यांना वाटतं आपणच नीट करत नाही.

आता झोपेची गोळी. तुम्ही नाव नाही लिहिलं पण नागपुरात घराजवळच्या दवाखान्यातून जी गोळी बहुतेक वेळा मिळते ती अल्प्राझोलाम असते, चिठ्ठीवरचं नाव बघा. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, कायद्याने शेड्यूल एच-वन मध्ये आहे, मेडिकलवाल्याला त्याची नोंद ठेवावी लागते. तो तुमच्यावर मेहरबानी नाही करत आहे, नुकसान करतोय. या गोळीची शरीराला सवय होते, काही आठवड्यांत तोच डोस पुरत नाही, तुमची अर्धीची एक झाली ती यामुळेच. झोप येते पण गाढ झोप कमी होते, सकाळी डोकं जड, कॅश मोजताना चूक, रात्री बाथरूमला उठलं की तोल जातो. तुमच्या चुकांमध्ये या गोळीचाही वाटा असू शकतो.

पण ताई, हे वाचून आज रात्रीपासून गोळी एकदम बंद करू नका, हात जोडून सांगते. तीन महिन्यांनंतर एकदम सोडली तर झोप आधीपेक्षा वाईट उडते, हातपाय थरथरतात, घाबरल्यासारखं होतं, मोठ्या डोसवर असलेल्याला फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत, काही आठवडे घेऊन सोडायची. सोडताना मधे दोन-चार रात्री वाईट जातील, त्या गोळी सुटतेय म्हणून वाईट, तुमच्यात काही बिघडलंय म्हणून नाही, एवढं धरून ठेवा. अन् स्वतःच्या मनाने अश्वगंधा वगैरे सुरू करू नका, थायरॉइडच्या रिपोर्टवर त्याचा परिणाम होतो आणि काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. सगळ्याचं खापर हार्मोनवर फोडू नका. पेरिमेनोपॉज आहे हे वयावरून आणि पाळीवरून कळतं, ४५ च्या पुढे त्याच्यासाठी एफएसएच वगैरे हार्मोनची टेस्ट सहसा लागतही नाही, कारण तो आकडा या काळात आज एक अन् पुढच्या आठवड्यात भलताच येतो, तेव्हा लॅबवाल्याने हार्मोनचं महागडं पॅकेज पुढे केलं तर थांबा. पैसे घालवायचे तर या टेस्टवर घाला: थायरॉइड, म्हणजे टीएसएच, कारण थायरॉइड वाढलं तरी असाच घाम अन् धडधड होते, कमी झालं तरी थकवा, जास्त पाळी, उदासपणा. मग हिमोग्लोबिन आणि त्याच्याबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, म्हणजे दोघींत एकीला, अन् तुमची पाळी तर आठ-नऊ दिवस चालते, तुमचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर मला नवल वाटणार नाही. लोह कमी असलं की रात्री पडल्यावर पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, बायका त्याला 'पाय दुखतात' म्हणून सोडून देतात. बी-१२, शुगर आणि बीपी पण बघून घ्या. शिवाय दोन महिने पाळी नाही आली की आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करायची, हसू नका, या वयात बीज कधी कधी सुटतं आणि दिवस राहू शकतात.

अजून एक, मिस्टरांना विचारा तुम्ही घोरता का, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, स्लीप अ‍ॅप्निया, हा जाड्या पुरुषांचा आजार असं सगळ्यांना वाटतं, पण मेनोपॉजच्या आसपास बायकांमध्येही तो वाढतो, अन् बायकांमध्ये त्याचं रूप वेगळं, घोरणं कमी अन् सारखी जाग, सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं, दिवसभर मरगळ असं जास्त. असं असेल तर अल्प्राझोलामसारखी गोळी उलट धोक्याची, श्वास आणखी मंदावतो. मोठ्या हॉस्पिटलांत स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वासाची तपासणी, होते, छातीच्या डॉक्टरांकडे जायचं.

पाळीच्या रक्तस्रावाबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेल्या, मला मात्र सगळ्यात आधी तेच बघायचं आहे. दोन तासांत पॅड भिजणं, आठ-नऊ दिवस चालणं, हे 'या वयात होतंच' म्हणून सोडायचं नाही. ४५ च्या पुढे असं झालं तर सोनोग्राफी करायची, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघायची, डॉक्टर म्हणाले तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला द्यायचा, त्याला घाबरू नका, गाठ आहे का, अस्तर जाड झालंय का ते कळतं. तासाला एक पॅड भिजायला लागलं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. पुढे कधी वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा थोडासाही डाग दिसला तरी लगेच दाखवायचं.

अन् कोणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढून टाका, कटकट जाईल' म्हटलं तर हो म्हणू नका. यावर मी जरा जास्तच बोलते कारण आपल्या राज्यात याचं फार वाईट उदाहरण आहे, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्याचं २०१९ मध्ये सगळ्यांसमोर आलं. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर दुसऱ्या दिवसापासून मेनोपॉज, तोही एकदम, अन् अंडाशयं ठेवली तरी मेनोपॉज लवकर येऊ शकतो, म्हणजे ज्या त्रासासाठी तुम्ही मला पत्र लिहिलं तोच दुप्पट. काही जणींना ऑपरेशन खरंच लागतं, त्यांनी करावं, पण त्याआधी औषधं आहेत, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी बसवायची मिरेना आहे, जी पाच वर्षांपेक्षा जास्त काम करते अन् बऱ्याच बायकांची पाळी त्याने अगदी हलकी होते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, कोणाला वाईट वाटेल म्हणून सोडू नका.

झोपेसाठी गोळीशिवाय जे सगळ्यात चांगलं काम करतं त्याचं नाव सीबीटी-आय, निद्रानाशासाठी बनवलेली वागणुकीची पद्धत. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं की जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय हा, गोळी नंतर. मेनोपॉजमधल्या बायकांनाही याने फायदा होतो. सायकॉलॉजिस्टकडे काही सेशन असतात, पण मुख्य गोष्ट घरी करता येते. तुम्ही दहाला पडता अन् सहाला उठत असाल, म्हणजे आठ तास पलंगावर, झोप मिळते जेमतेम पाच-साडेपाच तास. उरलेले तास तळमळण्यात जातात अन् मेंदू शिकतो की पलंग म्हणजे तळमळायची जागा. ते मोडायचं. काही आठवडे पलंगावर साडेअकराला जा अन् साडेपाचला उठा, रविवारीसुद्धा, झोप कितीही वाईट झाली तरी. साडेपाच तासांपेक्षा कमी वेळ मात्र ठेवायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येईल, त्या दिवसांत स्कूटी चालवताना फार जपून, जमलं तर मुलीला नाहीतर मिस्टरांना सोडायला सांगा. पलंगावरचा बहुतेक वेळ झोपेत जायला लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं लवकर झोपायचं, असं करत करत सात तासांपर्यंत. फिट येणाऱ्यांनी किंवा बायपोलरचा आजार असणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

अडीचला जाग आली अन् वीसेक मिनिटांत झोप नाही लागली असं वाटलं तर उठायचं, घड्याळ बघायचं नाही, ते उलटं करून ठेवा. हॉलमध्ये जाऊन मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, लसूण सोला, मुलीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून पॅड बनवा, जपमाळ घ्या. मोबाईल नाही. डोळे जड झाले की परत पलंगावर. चहा दुपारी दोननंतर बंद, कारण चहातलं कॅफिन अर्धं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, पतसंस्थेत साडेपाचला जो शेवटचा कप येतो त्यातला अर्धा साडेदहाला तुमच्या अंगात असतो. रात्री सावजीचा झणझणीत रस्सा असेल त्या दिवशी फ्लश वाढतात का ते बघा, काहींना वाढतात, काहींना काहीच होत नाही, तुम्हाला होत नसेल तर उगाच सोडू नका.

आता बहीण आणि मैत्रीण, दोघी थोड्या थोड्या बरोबर आहेत. हार्मोनच्या गोळीने कॅन्सर होतो ही भीती आली २००२ साली, अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास मधेच थांबवला तेव्हापासून. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर वर्षाला दर १०,००० बायकांमागे सुमारे आठने जास्त दिसला. जास्त दिसला हे खरंच आहे, पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, अन् त्यांना जे औषध दिलं होतं ते जुन्या प्रकारचं. पुढे तीच माहिती वयानुसार पुन्हा तपासली तेव्हा कळलं की ६० च्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत ज्यांना फ्लशचा खरा त्रास आहे, त्यांच्यापैकी बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, धोका कमी. हॉट फ्लशवर याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, हे मी पूर्ण खात्रीने सांगते. आता इस्ट्रोजेन जेलच्या रूपात कातडीवर लावायलाही मिळतं, त्यात रक्ताची गुठळी व्हायचा धोका गोळीपेक्षा कमी, अन् पिशवी असलेल्या बाईला त्याच्याबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, ते रात्री झोपताना घेतलं की काही जणींना झोपही बरी लागते.

पण ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेलाय, लिव्हरचा आजार आहे, किंवा रक्तस्राव का होतोय तेच माहीत नाही, त्यांनी नाही घ्यायचं. तुम्ही आज या शेवटच्या गटात आहात, म्हणून बहिणीचं ऐकून तिची पट्टी आणून खायची नाही, आधी रक्तस्रावाची तपासणी, बीपी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का ते डॉक्टरांना सांगणं, मग निर्णय. हार्मोन नको असतील किंवा चालत नसतील त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत, डिप्रेशनसाठी वापरतात त्यातल्या काही गोळ्या कमी डोसमध्ये, रात्री घ्यायची गॅबापेंटिन, याने फ्लश बऱ्यापैकी कमी होतात. फ्लश सरासरी सात वर्षं चालतात, काहींना जास्त, तेव्हा 'अजून थोडे दिवस, जाईल आपोआप' या हिशोबाने बसून राहू नका.

सासूबाईंवर रागवू नका पण मनावरही घेऊ नका. त्यांच्या वेळीही हे होतं, फक्त बोलायची सोय नव्हती, उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचे, रात्री दोनला उठून बसलेली बाई कोणाला दिसली तरी उकडतंय म्हणून बसली असेल असंच वाटायचं. एखाद्या दुपारी त्यांनाच विचारा की पाळी जाताना तुम्हाला काय काय झालं, बघा काय सांगतात, माझ्याकडे सुनेला घेऊन येणाऱ्या कितीतरी सासवा खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचंच सांगायला लागतात. मिस्टरांना पहिल्या भेटीला बरोबर न्या. बाईने घरी येऊन सांगितलेलं अन् डॉक्टरने समोर सांगितलेलं यात फरक पडतो, पडायला नको पण पडतो. अन् मुलीला एकदा शांतपणे सांगा की माझी झोप होत नाही, शरीरात बदल होऊन राहिले, तुझ्यावर ओरडले ते तुझ्यामुळे नाही. बारावीची पोरगी एवढं समजू शकते.

रडू येणं, चिडचिड यावर थोडं वेगळं बोलते. या काळात डिप्रेशनचं प्रमाण वाढतं, ज्यांना बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी मनाचा त्रास व्हायचा त्यांना जास्त. दोन आठवडे रोज उदास वाटलं, कशातच मन लागेना, किंवा आपण नसतो तर बरं असा विचार एकदाही आला, तर ते हार्मोनच्या नावावर टाकून थांबायचं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फ्री नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तीन वाजता जाग आल्यावर कोणाशी बोलावं कळत नसेल तेव्हाही लावा.

जायचं कुठे, तर तुमच्या ओळखीचे स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर तिथे, नाहीतर नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल कॉलेजची ओपीडी, मेयो, डागा, मिहानचं एम्स, चारही ठिकाणी स्त्रीरोग विभाग आहे अन् तपासण्यांचा खर्च फार येत नाही, सकाळी लवकर गेलेलं बरं. जायच्या आधी दोन-तीन आठवडे एका वहीत लिहा: पाळीची तारीख, किती पॅड, रात्री किती वाजता जाग, घाम आला का, गोळी किती घेतली, चहा किती. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, तिथे 'खूप त्रास होतो' म्हटलं तर टेन्शन घेऊ नका असंच उत्तर मिळतं, वही पुढे ठेवली तर त्यांना बघावंच लागतं. पण रक्तस्राव आत्ता चालू असेल अन् जास्त असेल तर वहीसाठी थांबू नका, या आठवड्यातच जा. झोपेच्या गोळीची रिकामी पट्टी बरोबर न्या. रिपोर्ट आले की मला परत लिहा, टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन अन् सोनोग्राफीत अस्तराची जाडी किती लिहिली आहे तेवढं नक्की कळवा.